पुढच्या बाकावरची आई

"गजराबाई, आज तू कोर्टात पाय ठेवायचा नाहीस," खर्डेकर वकील म्हणाले. "इथंच झाडाखाली बसायचं. काय होईल ते मृणाल बाहेर येऊन सांगेल."

गजराबाईच्या तव्यावरची भाकरी उलटायची तशीच राहिली आणि कडेनं करपायला लागली.

"माझ्याच पोराला शिक्षा व्हायची, आन् मीच न्हाई जायाचं?"

"तू आत आलीस तर जास्तच होईल."

"आन् आई नसली पुढच्या बाकावर, तर?"

"आई आहे. मी आणलीये," खर्डेकर म्हणाले आणि त्यांनी फाटकाकडे बोट केलं.

फाटकापाशी सोनाबाई उभी होती. ही खर्डेकरांच्या घरची धुणंभांडी करणारी बाई. कोर्टात जायचंय म्हणून सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून आली होती. खर्डेकरांनी तिला परत पाठवून विटकं लुगडं नेसायला लावलं होतं, त्यामुळे ती जरा घुश्शातच होती. गजराबाईनं तिच्याकडे एकवार नीट पाहिलं. मग करपलेली भाकरी काढून तिनं कुत्र्यापुढे टाकली.

मी तेव्हा खर्डेकरांची ज्युनियर होते. वकिली शिकायची म्हणजे कायदा शिकायचा, अशी माझी समजूत होती. खर्डेकरांनी ती पहिल्या महिन्यातच दूर केली.

गुन्हा शाबीत झाला म्हणजे खटला संपला, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण शिक्षा किती द्यायची, याची वेगळी सुनावणी असते. न्यायाधीश एका पारड्यात गुन्ह्याचा भार वाढवणाऱ्या गोष्टी टाकतात: हत्यार केवढं होतं, मारलं कसं, ज्याला मारलं त्याचं पुढं काय झालं, मारायला काही कारण तरी होतं का. दुसऱ्या पारड्यात भार हलका करणाऱ्या गोष्टी. कोवळं वय, पहिलाच गुन्हा, घरातला एकटा कमावता, पदरी लहान मुलं आणि म्हातारी आई. या पाच गोष्टींना खर्डेकर 'पंचामृत' म्हणत.

"पाचही जिन्नस पडले पाहिजेत, मृणाल," ते मला सांगत. "एखादा कमी असेल तर आपण घालायचा."

चार जिन्नस तोंडी घालता येत. आई मात्र दाखवावी लागे. आता प्रत्येक आरोपीला आई असतेच असं नाही. कुणाची वारलेली, कुणाची ऊसतोडीला गेलेली, कुणाची लाजेनं घराबाहेर न पडणारी. म्हणून गजराबाई. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली तिची झुणका-भाकरीची चूल होती. ती चूल तिथं टिकली होती ती खर्डेकरांच्या शब्दावर. ते एक बोट वर करायचे, की ही कांदा चिरलेला हात पदराला पुसत आत येऊन पुढच्या बाकावर बसायची. "आरोपीची वृद्ध माता न्यायालयात हजर आहे," असं खर्डेकर म्हणाले की मी हळूच खोकायचं, आणि तिनं पदर डोळ्यांना लावायचा. कांद्याचाच पदर, पाण्याची काही ददात नव्हती.

"कांदा नुसता सुरुवातीला लागतो गं," ती मला एकदा म्हणाली होती. "पोरगं कुणाचं का असंना, पोलीस दंडाला धरून न्यायला लागले की आतडं तुटतंच."

सगळं कोर्ट तिला मावशी म्हणायचं आणि पुढच्या बाकावर ती आई व्हायची. यात तिला खोटं बोलावं लागत नव्हतं, कारण तिला कुणी काही विचारतच नव्हतं. विचारलं ते एकदाच, बबन शेलारच्या वेळी.

हा बबन लाकडाच्या वखारीतला हमाल. दारू पिऊन एकाच्या डोक्यात ओंडका घातला होता. त्याची आई तो रांगत असतानाच गेलेली. खर्डेकरांनी गजराबाईला बसवलं. न्यायाधीश होते बोधनकरसाहेब. मोजकं बोलणारे आणि चष्मा फार वेळ पुसणारे. त्यांनी चष्मा पुसता पुसता थेट तिलाच विचारलं, "बाई, याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर या मुलाची जबाबदारी घ्याल?"

मी खोकायचंही विसरले. गजराबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "घेते, साहेब. माझंच पोरगं हाय." बबन सुटला. खर्डेकरांनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना पेढे वाटले.

पुढं दोन वर्षांनी गजराबाईच्या खऱ्या मुलानं, अंकुशनं, याच बबनच्या गुडघ्यावर पहार घातली. अंकुशही त्याच वखारीत कामाला होता. काळासावळा, शेलाटा, खाली मान घालून बोलणारा मुलगा. बबनचा पाय कायमचा ताठ झाला. खटला आला तो बोधनकरसाहेबांपुढंच. आता गजराबाई आत का नको होती ते कुणालाही कळेल. साहेबांच्या लेखी ती बबनची आई होती.

अंकुशचा खटला खर्डेकरांनी फुकट लढवला. "तू माझ्या इतक्या पोरांची आई झालीस, तुझ्या एका पोराचं मी करायला नको?" असं ते तिला म्हणाले, आणि तिनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. बचाव ठरला तो असा, की अंकुश त्या वेळी वखारीत नव्हताच. वखारीतल्या सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं, ही बारीकशी अडचण होती.

"पण सर, त्यानं का मारलं?" मी एकदा विचारलं.

"तो तिथं नव्हताच, मग कारण कसलं?" खर्डेकर खेकसले.

मी अंकुशलाही विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मारलं ते मारलं, ताई. वकीलसाहेबांनी बोलू नको म्हणून सांगितलंय." त्यापुढं त्याचं तोंड उघडलं नाही. खुनाच्या प्रयत्नाचा आरोप टिकला नाही, पण घातक हत्यारानं जबर दुखापत केल्याचा गुन्हा शाबीत झाला. आणि आता शिक्षेचा दिवस उजाडला होता. दहा वर्षांपर्यंत, किंवा साहेबांच्या मनात आलं तर जन्मठेपसुद्धा.

सोनाबाईला मी पुढच्या बाकावर बसवलं. पलीकडच्या बाजूला बबन कुबडी मांडीवर आडवी धरून बसला होता. अंकुश पिंजऱ्यात उभा राहिला, त्यानं पुढच्या बाकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सरकारी वकील शेटे उठले. शेटे तसे भले गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांना सूर लागला होता.

"साहेब, हत्यार लोखंडी पहार. फिर्यादी निःशस्त्र, भाकरी खात बसलेला. पहिल्या घावात तो पडला, तरी आरोपीनं दुसरा घाव घातला. फिर्यादी हातावर पोट असलेला हमाल, तो आता ओझं उचलू शकत नाही. आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट म्हणजे या हल्ल्याला कारणच नाही. आरोपीनं आजवर एकही कारण सांगितलेलं नाही. ज्याला कारण असतं त्याचा राग कारणाबरोबर संपतो. विनाकारण मारणारा उद्या तुम्हाआम्हालाही मारेल. दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षा देऊ नये."

साहेबांनी हे लिहून घेतलं. पारडं धाडकन खाली गेल्याचं मला दिसलं.

खर्डेकर उठले आणि पंचामृत कालवायला लागले. वय कोवळं. गुन्हा पहिलाच. घरात एकटा कमावता. लहान मुलं नव्हती, कारण अंकुशचं लग्नच झालं नव्हतं, तेव्हा ते म्हणाले, "आणि नुकतंच कुठं लग्न ठरण्याच्या बेतात होतं." मग गळा दाटून आणून त्यांनी हात लांबवला. "आणि साहेब, आरोपीची वृद्ध माता न्यायालयात हजर आहे."

मी खोकले. सोनाबाईनं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. मी पुन्हा खोकले.

"पाणी पी गं," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाला तुमच्या मुलाबद्दल न्यायालयाला काही सांगायचंय?"

सोनाबाई उठली. एवढा मोठा साहेब आपल्या मुलाची चौकशी करतोय, हे पाहून तिचा सकाळपासूनचा घुस्सा पार उतरला. "सांगायचं काय, साहेब? लई गुणाचा हाय. पुण्याला रिक्षा चालवतो. महिन्याच्या महिन्याला येऊन जातो. सून बी चांगली हाय."

कोर्टात कुणी तरी खुसकन हसलं.

"पुण्याला?" साहेब म्हणाले. "मग हा पिंजऱ्यात कोण आहे?"

सोनाबाईनं अंकुशकडे वळून बघितलं. "ह्यो? ह्यो त्या झुणका-भाकरवालीचा. गरीब हाय बिचारा."

खर्डेकर गळ्यातली पांढरी पट्टी सारखी करायला लागले. शेटे उठून काही बोलणार, तोच दारापाशी गलबला झाला. शिपाई कुणाला तरी अडवत होता आणि गजराबाई त्याच्या हाताखालून वाकून आत आली. हाताला पीठ तसंच होतं. दाराबाहेर ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

"साहेब, ती न्हवं," ती म्हणाली. "त्याची आई मी."

साहेबांनी चष्मा लावला. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पलीकडच्या बाकाकडे पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे.

"पण बाई," ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्ही तर फिर्यादीच्या आई आहात."

कोर्ट खदखदून हसलं. मागच्या बाकावरचे पक्षकार हसले, पोलीस हसले, कारकुनानं टेबलाखाली तोंड घातलं. शेट्यांनाही हसू आवरेना. आणि बबन, कुबडीवर हनुवटी टेकून, सगळ्यांच्या वरताण खिंकाळला. गजराबाई मधोमध उभी होती. कुणाकडे बघावं ते तिला कळत नव्हतं. मी हसले नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकते. पण हसू आलं नव्हतं, असं नाही सांगू शकत.

"असाच!"

पिंजऱ्याचा कठडा धरून अंकुश ओरडला होता. पूर्ण खटल्यात त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"असाच हसला व्हता, साहेब! अगदी असाच! समदे बी असेच हसले व्हते!"

हसू थांबलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "कोण हसलं होतं?"

अंकुशनं आईकडे पाहिलं. बोलावं की बोलू नये, हे त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं. पण आता झाकायला काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

"आमी भाकरी खायाला बसलो व्हतो. बबन्या समद्यांना म्हनला, अंकुश आन् मी सख्खे भाऊ. साहेबाच्या म्होरं ह्याच्या आईनं कबूल केलंय. जिल्ह्यातले समदे चोर न् मवाली तिचीच लेकरं. आता एवढ्या लेकरांचे बाप कोन कोन, ते अंक्याला इचारा." त्याचा आवाज फाटला. "समदे हसले. तिनं बांधून दिलेली भाकरी माझ्या हातात व्हती, साहेब. बाजूला पहार पडली व्हती."

गजराबाई मटकन खाली बसली. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" साहेबांनी विचारलं.

"सांगितलं व्हतं. पयल्या दिवशीच. वकीलसाहेब म्हनले, ह्ये तोंडातून काढू नगंस. आईची बेअब्रू हुईल."

साहेबांनी खर्डेकरांकडे पाहिलं. खर्डेकर वरच्या पंख्याकडे पाहत होते. अंकुशचा भार हलका करणारी एकच खरी गोष्ट होती, आणि ती दाबून ठेवली होती ती खोट्या आईची गोष्ट झाकण्यासाठी. बेअब्रू कुणाची होणार होती, हे त्या पोराला कुठून कळणार?

"बबन शेलार," साहेब म्हणाले, "हे खरं आहे?"

बबन कुबडीच्या टोकाकडे बघत राहिला. "गंमत केली व्हती, साहेब."

"बाई, उठा." साहेबांचा आवाज चढला नाही. "याला मी सोडलं, तेव्हा तुम्ही मला काय म्हणाला होता, आठवतं?"

"व्हय. जबाबदारी घेते म्हनले."

"घेतलीत?"

गजराबाईनं पदरानं नाक पुसलं. "न्हाई, साहेब. त्यो गेला निघून, आन् मी बी भाकऱ्या थापत बसले."

साहेब उठून आत गेले. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी शिक्षा सुनावली. लोखंडी पहार, दुसरा घाव आणि कायमचा निकामी झालेला पाय, हे सगळं त्यांनी एका पारड्यात घातलं, एक गुंजही कमी केलं नाही. दुसऱ्या पारड्यात वय आणि पहिला गुन्हा. लग्न ठरण्याचा बेत त्यांनी वगळला. मग त्यांनी सांगितलं, की हल्ला विनाकारण झाला हे सरकारी वकिलांचं म्हणणं आता टिकत नाही. ते कारण घडलं तेव्हा न्यायालय हजर नव्हतं, पण त्याची नक्कल आज न्यायालयासमोर झाली आणि तीत बहुतेक सर्वांनी भाग घेतला. शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे. "आरोपीला आई आहे, याबद्दल या न्यायालयाला आता शंका उरलेली नाही." तीन वर्षं.

उठता उठता ते खर्डेकरांना म्हणाले, "वकीलसाहेब, यापुढं शिक्षेच्या दिवशी आई आणायची असेल, तर सोबत रेशन कार्डही आणा."

बाहेर व्हरांड्यात पोलीस अंकुशला घेऊन निघाले, तेव्हा गजराबाई आडवी गेली.

"आये, तू कशाला आलीस आत?" तो म्हणाला.

"तू कशाला गप बसलास?"

तिनं पीठ लागलेला हात त्याच्या तोंडावरून फिरवला आणि शिपायानं त्याला पुढं नेलं.

खर्डेकर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आता ते खाली मान घालतील, माझी नजर चुकवतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली.

"बघितलंस, मृणाल? दहाची तीन झाली," ते म्हणाले. "मी सांगतो ना, आई लागतेच."

पुढं पंचामृतात चारच जिन्नस उरले. नव्या ज्युनियरांना खर्डेकर हा खटला आपला विजय म्हणून सांगत, आणि सांगताना त्यांचा गळा खरोखरीच दाटून येई. गजराबाईनं मात्र कोर्टाची पायरी चढणं सोडलं. कुणी बोट वर केलं तर ती सरळ पाठ फिरवायची. चूल कुणी हलवली नाही. बोधनकरसाहेबांची बदली होईपर्यंत कुणाची तशी छातीच झाली नाही.

पावसाळा सरल्यावर कधी तरी बबन आवारात दिसायला लागला. वखारीनं त्याला काढून टाकलं होतं. पाय गेलेल्या हमालाला कोण ठेवणार? कोर्टात काही तरी मिळेल, कुणी तरी अर्ज करून देईल, या आशेनं तो यायचा आणि भिंतीच्या कडेला कुबडी टेकून बसून राहायचा. जेवायच्या सुट्टीत सगळे लिंबाखाली जमले की हा तोंड फिरवून रस्त्याकडे बघायचा.

एका दुपारी मी जेवत होते. गजराबाईनं एक भाकरी तव्यावरून काढली, ती हातात तशीच धरून थोडा वेळ बसली आणि मग भिंतीकडे बघून ओरडली, "ए, हिकडं ये!"

बबन आला. यायला त्याला वेळ लागला, आणि तो चालत असताना ती त्याच्या पायाकडे बघत होती.

"हात धू आदी," ती म्हणाली.

त्यानं हात धुतले. तिनं झुणका वाढला, कांदा फोडून दिला. तो खाली मान घालून अधाशासारखा जेवायला लागला. मला राहवेना.

"मावशी," मी हळू आवाजात म्हणाले, "हाच ना तो?"

"ह्योच."

"याच्या जिभेपायी तुमचा अंकुश आत आहे."

"आन् माझ्या जिभेपायी ह्यो भाईर हाय." ती परातीत पाण्याचा हात फिरवत म्हणाली. "साहेबानं इचारलं, घेतलीस का जबाबदारी. काय सांगू त्यांना? तीन वर्सं हायेत हातात, तवर घेऊन बघते."

बबननं ताट पुसून घेतलं. वर न बघताच त्यानं ते पुढं केलं आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "आई, आजून एक."

तिचा थापणारा हात थांबला.

"आई म्हनू नगंस," ती म्हणाली. "मावशी म्हन, समदं कोर्ट म्हनतंय तसं. आई म्हननारा यायचाय अजून."

मग तिनं तव्यावरची भाकरी काढली आणि त्याच्या ताटात टाकली.